लाइट जाऊन आली की नव्या लॅबमध्ये मुलांचं होम गायब (ऑटोएफएस, एलडॅप, उबंटू २२.०४)

सातपूरकर
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहेत. अडचण जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

रचना अशी आहे. रॉकी लिनक्स ९ चा एक सर्व्हर आहे, त्याचं नाव ‘भांडार’. सगळ्या विद्यार्थ्यांची होम डिरेक्टरी त्यावर /एक्सपोर्ट/होम मध्ये आहे आणि ती एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटायची पद्धत) वाटली आहे. दुसऱ्या एका जुन्या मशीनवर एलडॅप आहे, युजर आणि पासवर्ड तिथून येतात. लॅबमधली मशीन उबंटू २२.०४ वर चालतात. लॉगिन एसएसएसडीमार्फत (एलडॅपला विचारून युजरला आत घेणारी सेवा) होतं आणि ऑटोएफएस /होम/अमुक वर त्या त्या मुलाची डिरेक्टरी जागच्या जागी आणून लावतं. मूल कुठल्याही मशीनवर बसलं तरी त्याला त्याचंच काम दिसतं. वर्षभर हे व्यवस्थित चाललं.

पाऊस सुरू झाल्यापासून दुपारची लाइट जाते-येते. बायोसमध्ये तसं लावून ठेवल्यामुळे लाइट आली की मशीन आपोआप सुरू होतात. त्यानंतर नव्या लॅबमध्ये पुष्कळ मशीनवर असं होतं: मूल लॉगिन करतं, पासवर्ड चालतो, पण समोर कोरा करकरीत डेस्कटॉप. ना फाइली, ना सेटिंग. मुलं घाबरतात. एकीने तर रडत येऊन सांगितलं की मिनी प्रोजेक्ट गेला. तीच मुलगी जुन्या लॅबमध्ये बसली तर सगळं जागेवर!

‘सिस्टमसीटीएल स्टेटस ऑटोएफएस’ हिरवं दाखवतं, ॲक्टिव्ह. मशीन रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा ठीक होतं. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आहे. नव्या लॅबच्या इमेजमध्येच (सगळ्या मशीनवर टाकलेली सिस्टमची तयार प्रत) काही खोट आहे का?

अंबड_नेटवर्क
इमेज वगैरे नंतर बघू. आधी ऑटोएफएसला बाजूला ठेवून हाताने माउंट करा, म्हणजे सर्व्हरवरची डिरेक्टरी मशीनवर आणून लावा. हाताने होत नसेल तर ऑटोएफएसलाही होणार नाही, आणि हाताने होत असेल तर एनएफएस, फायरवॉल, केबल या सगळ्यांवरचा संशय एका झटक्यात जातो. बिघडलेल्या मशीनवर:

सुडो माउंट -टी एनएफएस४ भांडार:/एक्सपोर्ट/होम/(युजर) /एमएनटी

एक लक्षात ठेवा. माउंट झाल्यावर रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) म्हणून आत ‘एलएस’ केलंत तर ‘परमिशन डिनाइड’ येईल. तो बिघाड नव्हे. सर्व्हरवर रूट स्क्वॉश चालू असतं, म्हणजे तुमच्या मशीनचा रूट तिकडे ‘नोबडी’ ठरतो, आणि मुलांच्या डिरेक्टरीला ७०० परवानगी असते, म्हणजे आत फक्त मालक जाऊ शकतो. त्या मुलाच्याच नावाने बघायचं.

सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलवरही (कुणाला काय वाटायचं ती यादी) नजर टाका. नेटवर्कचा पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली तर अर्थच बदलतो: ‘१९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू)’ म्हणजे त्या नेटवर्कला लिहायची मुभा. मध्ये स्पेस आली की त्या नेटवर्कला साधी, फक्त वाचायची परवानगी, आणि कंसातली लिहायची मुभा जगाला. आमच्या इथे अंबडला एका कंपनीत या एका स्पेसपायी अख्खी शिफ्ट गेली होती.

फायरवॉलचं म्हणाल तर एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. ‘शोमाउंट -ई’ ने उत्तर दिलं नाही म्हणून घाबरू नका, ती कमांड जुन्या माउंटडी सेवेला विचारते आणि त्या सेवेचा पोर्ट फायरवॉलने अडवला तरी चौथी आवृत्ती चालते.

सातपूरकर
केलं. बिघडलेल्या मशीनवर हाताने माउंट लगेच झालं, मुलाच्या नावाने आत गेलो तर सगळ्या फाइली आहेत. एक्सपोर्ट्समध्ये स्पेस नाही. म्हणजे सर्व्हर निर्दोष.

कॉलेजरोड_रूट
भाऊ, सर्व्हर एकच आहे ना? मग ऑटोएफएस हवंच कशाला? एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती फाइल) एक ओळ टाका, अख्खं /एक्सपोर्ट/होम थेट /होम वर लावा. विषय संपला.

पंचवटी_टर्मिनल
कॉलेजरोड, तुमचं अगदीच चूक नाही. एका सर्व्हरच्या लॅबला ते चालतं, आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय जोडला तर बूटच्या वेळी सर्व्हर नसला तरी मशीन अडकत नाही. पण कारण न शोधता रचना बदलली तर ते कारण दुसरीकडून डोकं वर काढेल. शिवाय इथे एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते: त्या मुलांनी कोऱ्या डेस्कटॉपवर बसून जे काम केलं, ते गेलं कुठे? त्याचं उत्तर एफएसटॅब देत नाही.

सातपूरकर, एक चांगलं मशीन आणि एक बिघडलेलं मशीन शेजारी शेजारी घ्या. बिघडलेलं रीस्टार्ट करू नका, पुरावा जाईल. दोन्हींवर एवढं बघा:

‘माउंट -टी ऑटोएफएस’ काय दाखवतं.

‘एलएस -एलए /होम’ मध्ये काय आहे.

/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ (कुठली माहिती कुठून आणायची ते सांगणारी फाइल) मध्ये ‘ऑटोमाउंट’ने सुरू होणारी ओळ.

‘जर्नलसीटीएल -बी -यू ऑटोएफएस’ चं अगदी सुरुवातीचं.

आणि एक साधा प्रश्न. नव्या लॅबमधली मशीन जुन्यांपेक्षा लवकर सुरू होतात का?

सातपूरकर
सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो वाचल्यावर एक गोष्ट आठवली. नव्या लॅबमध्ये सगळीकडे एसएसडी आहेत, पटकन उठतात. जुन्या लॅबमध्ये फिरत्या हार्डडिस्क, चहा होईपर्यंत लॉगिन स्क्रीन येत नाही. जुन्या लॅबमध्ये एकाच मशीनवर त्रास होतो, आणि त्याच मशीनला उन्हाळ्यात एसएसडी टाकली आहे! मात्र तिथे कोरा डेस्कटॉप येत नाही. पासवर्ड दिला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनवर येते. टर्मिनलवरून लॉगिन केलं तर ‘नो डिरेक्टरी, लॉगिंग इन विथ होम=/’ असं येतं.

बाकीचं:

चांगल्या मशीनवर ‘माउंट -टी ऑटोएफएस’ मध्ये /होम ची ओळ आहे. बिघडलेल्यावर ती ओळ नाहीच.

चांगल्या मशीनवर /होम मध्ये फक्त आत्ता लॉगिन असलेल्या मुलाची डिरेक्टरी दिसते. बिघडलेल्यावर पाच-सहा मुलांच्या डिरेक्टरी आहेत, आणि ‘लॅबॲडमिन’ नावाची एक जुनी डिरेक्टरी आहे. ती उबंटू टाकताना तयार झालेली, नंतर त्या अकाउंटचं होम मी /वार च्या खाली हलवलं होतं. चांगल्या मशीनवर ती दिसत नाही.

एनएसस्विचमध्ये: ‘ऑटोमाउंट: फाइल्स एलडॅप’. ऑटो.मास्टर फाइलमध्ये एकच कामाची ओळ आहे, ‘+ऑटो.मास्टर’.

जर्नलमध्ये इशारा आहे. त्याचा मथितार्थ असा की थांबून बघूनही किमान एक मॅप (काय कुठे लावायचं याची ऑटोएफएसची यादी) वाचता आला नाही, तसंच पुढे जातोय.

पंचवटी_टर्मिनल
उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आलं आहे. नीट उलगडून लिहितो, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर त्यालाही उपयोग होईल.

लाइट येते तेव्हा सगळं एकदम सुरू होतं: स्विच, भांडार, एलडॅपचं जुनं मशीन आणि लॅबमधली मशीन. एसएसडीवाली सगळ्यात आधी उठतात. ऑटोएफएस सुरू होतं आणि आपली मुख्य यादी, म्हणजे मास्टर मॅप, वाचायला जातं. तुमच्या फाइलमध्ये ‘+ऑटो.मास्टर’ आहे, म्हणजे ‘पुढचं एनएसस्विचला विचार’. एनएसस्विच सांगतं एलडॅपकडे जा. एलडॅपचं मशीन त्या वेळी अजून डिस्क तपासत बसलेलं असतं. ऑटोएफएस थोडा वेळ थांबतं. ‘मास्टर_वेट’ या सेटिंगवर ते ठरतं. मूळ किंमत १०, पण प्रत्यक्ष प्रयत्न त्याच्या निम्मे आणि दर प्रयत्नाला दोन सेकंदांची विश्रांती. म्हणजे जेमतेम दहा सेकंद. तेवढ्यात एलडॅप उठलं नाही तर ते रिकाम्या यादीनिशी पुढे जातं. डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) जिवंत, स्टेटस हिरवं, पण /होम चा ताबा त्याने घेतलेलाच नाही. मागाहून एलडॅप उठलं तरी ते स्वतःहून पुन्हा विचारायला जात नाही.

मग लॉगिन कसं होतं? कारण लॉगिन वेगळ्या वाटेने जातं. युजर आणि पासवर्ड एसएसएसडीकडे, आणि एसएसएसडीमध्ये ‘कॅश_क्रेडेन्शियल्स’ चालू असेल तर एलडॅप नसतानाही आधी येऊन गेलेल्या मुलाला ते आत घेतं. तुमचा मॅप मात्र ऑटोएफएस थेट एलडॅपकडून वाचतं, त्याच्यामध्ये कुठलाही साठा नाही. एकच सर्व्हर, दोन वाटा, एक चालू आणि एक बंद. म्हणून चित्र इतकं गोंधळात टाकणारं दिसतं.

आता कोरा डेस्कटॉप. नव्या लॅबच्या इमेजमध्ये पॅमचं (लॉगिनच्या वेळची कामं करणारी व्यवस्था) ‘एमकेहोमडिर’ चालू असणार, जुन्या लॅबमध्ये नसणार. ‘पॅम-ऑथ-अपडेट’ मध्ये बघा. एमकेहोमडिरचं काम एवढंच: होम सापडलं नाही तर /ईटीसी/स्केल मधून नवं कोरं करून द्यायचं. ऑटोएफएसने /होम धरलेलं नसताना ते लोकल डिस्कवरच मुलाचं होम तयार करतं. जुन्या लॅबच्या एसएसडीवाल्या मशीनवर हे मॉड्यूल नाही, म्हणून तिथे होम सापडत नाही आणि मूल बाहेर फेकलं जातं. कारण एकच, लक्षणं दोन.

‘लॅबॲडमिन’ डिरेक्टरी बिघडलेल्या मशीनवर दिसते आणि चांगल्यावर दिसत नाही, हा सगळ्यात पक्का पुरावा. ऑटोएफएस /होम वर बसलं की खालच्या लोकल डिस्कवरचं सगळं झाकलं जातं. पुसलं जात नाही, झाकलं जातं.

आत्ता, या क्षणी दुरुस्त करायला रीस्टार्ट नको: ‘सिस्टमसीटीएल रीलोड ऑटोएफएस’ पुरे, तेवढ्याने ते मास्टर मॅप पुन्हा वाचतं. मात्र त्या मशीनवर कुणी लॉगिन असेल तर आधी त्याला काम सेव्ह करून बाहेर पडायला सांगा. त्याच्या बसल्या जागेवरून /होम बदललेलं बरं नाही.

टीई_कॉम्प
मी याच लॅबमधला विद्यार्थी आहे, सरांनी लिंक दिली म्हणून आलो. मागच्या आठवड्यात कोरा डेस्कटॉप आला तेव्हा मला वाटलं फाइली नंतर येतील, म्हणून तसंच बसून डीबीएमएसच्या असाइनमेंटचं सगळं पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी जुन्या फाइली परत आल्या पण नवीन लिहिलेलं गेलं. मी ओझरहून येतो, घरी लॅपटॉप नाही, दुसरी प्रत कुठेच नाही. ते परत मिळेल का?

पंचवटी_टर्मिनल
मिळेल. ज्या मशीनवर बसला होतास त्याच मशीनच्या डिस्कवर ते पडलेलं आहे. मशीनचा नंबर किंवा निदान रांग आणि खुर्ची आठवते का ते सरांना सांग. आणि तोवर त्या मशीनवर नवीन इमेज टाकू देऊ नका. सातपूरकर, हे आधी करा, बाकीची दुरुस्ती नंतर.

ऑटोएफएस चालू असतानाही खालचं बघता येतं. मूळ फाइलसिस्टिम दुसरीकडे बाइंड करायची:

सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी

मग /एमएनटी/होम उघडा. साध्या बाइंडमध्ये वर बसलेली माउंट सोबत येत नाहीत, त्यामुळे झाकलेली लोकल डिस्क जशी आहे तशी दिसते. (लॅबच्या मशीनवर /होम चं वेगळं पार्टिशन असेल तर हे असं चालणार नाही, मग ते पार्टिशनच /एमएनटी वर लावा.) लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर हे करून यादी काढा: कुठल्या मशीनवर कुठल्या मुलाची डिरेक्टरी आणि शेवटचा बदल कधीचा.

अंबड_नेटवर्क
उचलताना तीन गोष्टी सांभाळा, हे काम मी केलेलं आहे.

सरळ मुलाच्या सर्व्हरवरच्या होमवर कॉपी करू नका. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असते. ‘मेन.सी’ जुनी तिकडे, नवी इकडे, किंवा उलट. तारखेवर विसंबून एक दुसरीवर चढवली की जी गेली ती खरोखर गेली. सर्व्हरवर /एक्सपोर्ट/परत असं वेगळं करा, त्यात मशीनच्या नावाची डिरेक्टरी, त्यात मुलाची. तिथून प्रत्येकाच्या होममध्ये ‘लॅबमधून-परत’ नावाच्या डिरेक्टरीत ठेवा. जुळवाजुळव ज्याची त्याने करावी, त्यालाच कळतं काय नवं.

टिंबाने सुरू होणाऱ्या सेटिंगच्या डिरेक्टरी आणू नका, कोऱ्या डेस्कटॉपच्या सेटिंगचा काही उपयोग नाही. पण ही गाळणी फक्त सगळ्यात वरच्या पातळीवर लावा. प्रोजेक्टच्या आत ‘.गिट’ असतं. ते गाळलं तर मुलाचा सगळा इतिहास जातो.

कॉपी सर्व्हरच्या बाजूने किंवा एसएसएचवर ‘आरसिंक -ए’ ने करा. एनएफएसमधून रूट म्हणून लिहायला गेलात तर रूट स्क्वॉश आडवं येईल. ते बंद करायचा मोह होईल, करू नका, लॅबमधल्या कुठल्याही मशीनचा रूट मग अख्ख्या कॉलेजच्या फाइली वाचू शकतो. युजर नंबर एलडॅपमधून येत असल्यामुळे दोन्हीकडे सारखेच आहेत, त्यामुळे मालकी आपोआप बरोबर राहील.

सातपूरकर
दोघांचेही मनापासून आभार. काल लॅब सुटल्यावर सगळ्या मशीनवरून फिरलो. एमकेहोमडिर नव्या लॅबमध्ये चालू होतं, जुन्यात नव्हतं, अगदी जसं सांगितलं तसं. झाकलेल्या डिरेक्टरींपैकी बऱ्याच नुसत्या कोऱ्या निघाल्या, मूल घाबरून लगेच उठलेलं. पण काहींमध्ये तासाभराचं, दोन तासांचं काम होतं. मिनी प्रोजेक्टवाल्या मुलीच्या रिपोर्टचं एक अख्खं प्रकरण खिडकीशेजारच्या मशीनवर सापडलं. टीई_कॉम्प, तुझी एसक्यूएलची फाइल आणि त्यासोबतचा ईआर डायग्रामचा फोटो तुझ्या होममध्ये ‘लॅबमधून-परत’ मध्ये ठेवला आहे, उघडून बघ आणि कळव.

आता कायमचं काय करू? मास्टर_वेट वाढवू का?

टीई_कॉम्प
सर, मिळालं. पूर्ण आहे. खूप खूप धन्यवाद.

पंचवटी_टर्मिनल
मास्टर_वेट वाढवता येईल, पण किती वाढवणार? एलडॅपचं मशीन एखाद्या दिवशी डिस्क तपासायला जास्त वेळ घेईल आणि पुन्हा तेच. तुमच्या लॅबसाठी माझं मत स्पष्ट आहे: मॅप एलडॅपमधून काढा आणि साध्या फाइलीत ठेवा. सर्व्हर एक, एक्सपोर्ट एक, नियम एका ओळीचा. ती एक ओळ दर वेळी नेटवर्कवरून विचारून आणायची गरजच नाही.

/ईटीसी/ऑटो.मास्टर मध्ये:

/होम   /ईटीसी/ऑटो.होम   --टाइमआउट=३००

/ईटीसी/ऑटो.होम मध्ये:

*   -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू,हार्ड   भांडार:/एक्सपोर्ट/होम/&

ताऱ्याच्या जागी कुठलंही नाव बसतं आणि शेवटच्या चिन्हाच्या जागी तेच नाव जातं. मुलगा /होम/अमुक मध्ये गेला की भांडारवरचं /एक्सपोर्ट/होम/अमुक लागतं, आणि पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की सुटतं. ‘+ऑटो.मास्टर’ ची ओळ काढा आणि एनएसस्विचमध्ये ‘ऑटोमाउंट: फाइल्स’ एवढंच ठेवा. पर्यायांच्या स्वल्पविरामानंतर स्पेस देऊ नका, पुढचा पर्याय हा सर्व्हरचा पत्ता समजला जाईल. ‘हार्ड’ च्या जागी ‘सॉफ्ट’ लावा असा सल्ला कुणी देईल, तो होमसाठी घेऊ नका. सर्व्हर क्षणभर अडखळला तर सॉफ्टमध्ये लिहिणं अर्ध्यावर सुटतं आणि फाइल खराब होऊ शकते. हार्डमध्ये प्रोग्राम थांबून राहतो आणि सर्व्हर आला की पुढे चालू होतो.

असं केलं की मशीन कितीही लवकर उठो, /होम चा ताबा पहिल्या क्षणापासून ऑटोएफएसकडे असतो. प्रत्यक्ष माउंट लॉगिनच्या वेळी होतं, तोवर भांडार उठलेला असतो. उठला नसेल तर लॉगिन अडेल, आणि ते अडायलाच हवं. मुलाला खोटं कोरं घर दाखवण्यापेक्षा ‘पाच मिनिटं थांब’ सांगितलेलं शंभर पटींनी बरं.

म्हणूनच लॅबच्या मशीनवरून एमकेहोमडिर काढून टाका. नवं होम सर्व्हरवरच, एलडॅपमध्ये अकाउंट उघडता उघडता तयार करायचं, ७०० परवानगीने आणि त्या मुलाच्या मालकीने.

आणि एक पक्का बंदोबस्त. ऑटोएफएस थांबवून लोकल /होम वर ‘सुडो सीएचॲटर +आय /होम’ करा. एक्स्ट४ या फाइलसिस्टिमवर यामुळे त्या डिरेक्टरीत रूटलाही नवीन काही तयार करता येत नाही, पण वर माउंट करायला अडथळा येत नाही. उद्या कुणी चुकून एमकेहोमडिर पुन्हा चालू केलं तरी काम चुकीच्या जागी साचणार नाही.

दुरुस्तीनंतर तपासताना घाई करू नका. एखादी किल्ली (इथे युजरचं नाव) सापडली नाही हे ऑटोएफएस काही वेळ लक्षात ठेवतं, ‘निगेटिव्ह_टाइमआउट’ मूळचा ६० सेकंद. सर्व्हरवर डिरेक्टरी बनवली आणि लगेच बघितलं तर ‘नाही’ असंच म्हणेल, आणि माणूस बरोबर केलेलं पुन्हा मोडायला घेतो. एक मिनिट थांबा, मग बघा.

म्हसरूळ_आयडी
मी थोडा वेगळा विचार मांडतो. मॅप फाइलीत ठेवले की सर्व्हर बदलल्यावर प्रत्येक मशीनवर फाइल बदलावी लागते. दोन-तीन फाइल सर्व्हर असतील, प्राध्यापकांची होम एकीकडे आणि मुलांची दुसरीकडे, तर मध्यवर्ती मॅपच हवेत. फक्त ऑटोएफएसने थेट एलडॅपला विचारू नये. एनएसस्विचमध्ये ‘फाइल्स एसएसएस’ करा, एसएसएसडीच्या सेवांमध्ये ‘ऑटोएफएस’ जोडा. मग लॉगिनसारखाच मॅपचाही साठा एसएसएसडी ठेवतं आणि दोन वाटांची एक वाट होते. फ्रीआयपीए वापरत असाल तर ‘आयपीए-क्लायंट-ऑटोमाउंट’ हे सगळं स्वतःच लावून देतं. मॅप बदलल्यावर ‘एसएसएस_कॅश -ए’ (मोठा ए) ने जुना साठा रद्द करायला विसरू नका, नाहीतर जुनंच दिसत राहतं.

पंचवटी_टर्मिनल
मान्य. सर्व्हर वाढले तर मीही तेच करेन. तरी मास्टर मॅपची ती एक /होम वाली ओळ मी फाइलीतच ठेवेन आणि फक्त ऑटो.होम मध्यवर्ती ठेवेन. म्हणजे काहीही झालं तरी /होम चा ताबा सुटत नाही.

सिन्नरची_मेघना
मध्येच विचारते, क्षमस्व. आमच्याकडे होम एनएफएसवर आहेत पण ती /होम खाली नसून /डेटा/होम खाली आहेत. उबंटूवर फायरफॉक्स उघडतच नाही, बाकी सगळं चालतं. आणि रॉकीच्या मशीनवर एसएसएच की असूनही पासवर्ड मागतं. हेही माउंटचंच काही आहे का?

अंबड_नेटवर्क
ताई, दोन्ही माउंटच्या वरच्या मजल्यावरचं आहे. उबंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप (बंदिस्त पॅकेज) म्हणून येतो आणि स्नॅपला /होम बाहेरचं होम सांगितल्याशिवाय चालत नाही. नव्या स्नॅपडीमध्ये ‘स्नॅप सेट सिस्टम होमडिर्स=/डेटा/होम’ असं सांगता येतं. जमत असेल तर माउंटच /होम वर घ्या, कटकट कमी. रॉकीवर एसईलिनक्स (सुरक्षेचे जादा नियम लावणारी व्यवस्था) आहे, त्याला एनएफएसवरची होम मान्य आहेत हे सांगावं लागतं: ‘सेटएसईबूल -पी यूज_एनएफएस_होम_डिर्स ऑन’ (मोठा पी). एसईलिनक्स बंद करू नका, एवढीच एक कळ दाबायची आहे.

सातपूरकर
फाइलीतले मॅप दोन्ही लॅबमध्ये लावले, एमकेहोमडिर काढलं, /होम वर +आय लावलं. शनिवारी लॅब रिकामी असताना मेन स्विच पाडून पुन्हा वर केला. एसएसडीवाली मशीन उठली तेव्हा एलडॅपचा स्क्रीन अजून काळाच होता. ‘माउंट -टी ऑटोएफएस’ मध्ये /होम ची ओळ प्रत्येक मशीनवर हजर. त्या अवस्थेत लॉगिन करून बघितलं: भांडार उठेपर्यंत स्क्रीन थांबून राहिली, मग मुलाचा नेहमीचा डेस्कटॉप आला. नंतर आठवड्यात दोनदा खरोखरची लाइट गेली, एकही मूल तक्रार घेऊन आलं नाही.

दोन बारीक शंका. ‘एलएस /होम’ रिकामं दाखवतं आणि टॅब दाबून नाव पूर्ण होत नाही, हे असंच राहणार का? आणि लॅबॲडमिनचं होम मला परत /होम/लॅबॲडमिन असंच हवं होतं, एका जुन्या स्क्रिप्टमध्ये तो मार्ग पक्का लिहिलेला आहे.

पंचवटी_टर्मिनल
पहिलं, हो. ताऱ्याच्या मॅपमध्ये ऑटोएफएसला नावं आधी माहीतच नसतात, कुणी मागितलं की मगच लागतात. पूर्ण नाव टाकून ‘सीडी’ करा, लागेल.

दुसरं सोपं आहे. ऑटो.होम मध्ये ताऱ्याच्या ओळीच्या वर एक ओळ जोडा:

लॅबॲडमिन   -एफएसटाइप=बाइंड   :/वार/लॅबॲडमिन

कोलनच्या आधी सर्व्हरचं नाव नाही, म्हणजे लोकल डिस्क. मार्ग तुमच्याकडे जो असेल तो घाला. नेमकं नाव सापडलं तर ऑटोएफएस ताऱ्याकडे जात नाही, त्यामुळे मुलांच्या ओळीला धक्का लागत नाही. मग अकाउंटचं होम ‘यूजरमॉड -डी’ ने पुन्हा /होम/लॅबॲडमिन करा. सोबत ‘-एम’ देऊ नका, नाहीतर ते फाइली हलवायला जाईल.

सातपूरकर
झालं, स्क्रिप्टही चालली. धाग्याच्या नावात ‘सुटलं’ जोडतो. /एक्सपोर्ट/परत सबमिशन होईपर्यंत तसंच ठेवणार आहे, अजून कुणाचं काही राहिलं असेल तर मशीनचा नंबर इथेच लिहा.